इंजिन आईकडून येतं

रेवस, मंगळवार

केसरताईस कमळचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा बरा असेल. नसेल तर चालायला लाग, बसून कुणाचा गुडघा बरा झालेला मी पाहिला नाही. हरिहरेश्वरची बाकी मंडळी मजेत असतील. इकडे सगळे ठीक. (मी सोडून.)

माझी उजवी पापणी पडलीय ते तुला ठाऊक आहे. बाजारात एका गिऱ्हाइकाला वाटलं मी डोळा मारते, त्याच्या बायकोने त्याला ओढत नेलं, पापलेटं पाटीत तशीच. त्यात जिना चढवेना, म्हणून मुंबईच्या मोठ्या डॉक्टरकडे गेलो. तो म्हणाला, अंगातल्या पेशी-पेशीत बारकी इंजिनं असतात, मायटोकॉन्ड्रिया म्हणतात त्यांना, तीच ताकद देतात. एवढं समजलं. पुढे म्हणाला, पेशी दुरुस्तीपलीकडे गेली की तिला मरायचा हुकूमही तीच देतात. ताई, मला घाम फुटला. होडीचं इंजिन बंद पडतं, पण खलाशाला पाण्यात उडी मार म्हणून सांगत नाही. आमच्या ह्यांनी विचारलं, नवीन बसवता येईल का. डॉक्टर नाही म्हणाला.

मग मांडीचा तुकडा काढून तपासायचं ठरलं. त्या दिवशी घरून निघताना मी त्या जागेला हळदकुंकू लावलं, मोसमाआधी आपण इंजिनाला लावतो तसं. नर्सला वाटलं रक्तच. तीनदा धुतलं, वर विचारते, मावशी, किती शिकलात. मी म्हटलं चौथी, आणि तू जरा हळू घास.

तुकडा काढल्यावर डॉक्टरने सांगितलं, ही इंजिनं फक्त आईकडून येतात, बापाकडून नाही. (वीस वर्षं मी आमच्या पोरीचा, प्राप्तीचा आळस ह्यांच्या घराण्यावर ढकलला. हे गालात हसले. मग त्यांचं हसू गेलं.) डॉक्टरने विचारलं, मुलं किती? मी म्हटलं, नाहीत. हे माझ्याकडे बघत राहिले.

रिपोर्ट पंधरा दिवसांनी. मी घाबरलेली नाही.

तुझी धाकटी,
कमळ

ता.क. आपली आई एकच. तूही तपासून घे, गुडघ्याची सबब सांगू नकोस.

आणखी ता.क. प्राप्ती रविवारी सुके बोंबील घेऊन तुझ्याकडे येईल. बोंबील हे निमित्त. तिला प्रदक्षिणेच्या पायऱ्या चढायला लाव आणि वर पोचली की तिच्या पापण्या बघ. पाच दिवस मी तिच्या तोंडाकडे पाहिलेलं नाही, काहीतरी काढून भांडते आणि पाठ फिरवते. माझ्याने होत नाही. पापण्या सरळ असतील तर लगेच फोन कर. नसतील तर फोन नको, तू स्वतः ये.