मुद्द्यावर बोला

प्रिय वकीलबाई,

लहानपणी झोपायच्या वेळेवरूनही तू हुज्जत घालायचीस, म्हणून तुझ्या बाबांनी ठेवलेलं हे नाव. दवाखान्याच्या त्या सुनावणीनंतर मलाही ते मान्य करावं लागतंय.

मी मागच्या रांगेत, आमच्या पेपरच्या वार्ताहराशेजारी बसले होते. तू पाहिलंस की नाही कोण जाणे. दवाखान्याचा बाळंतपणाचा वॉर्ड बंद करून बायकांना शहरापलीकडच्या मोठ्या इस्पितळात पाठवावं, असा अग्रलेख मीच लिहिलेला. तो तू चिरफाड करायला आणला असशील, हे तुझ्या हातातली पेपरची घडी पाहूनच कळलं. पदर सावरून बसले.

पण तू सुरुवात केलीस ती माझ्याच बाजूने. म्हणालीस, अग्रलेखात लिहिलंय ते खरं आहे. तिथे रक्ताची सोय नाही, भूल देणारा डॉक्टर रोज येत नाही, आणि एक बाई त्यापायीच गेली. तिची सासू समोर बसली होती, तिच्याकडे बघून बोललीस. तुझ्या मागची मंडळी चुळबुळायला लागली. माझा मुद्दा माझ्यापेक्षा तूच नीट मांडलास, अगं! आणि मग शांतपणे विचारलंस, की जे नाही ते आणायचं, की आहे तेही काढून घ्यायचं? मोठ्या इस्पितळापर्यंतच्या रस्त्यात रिक्षातच बाळंत झालेल्या दोघींना तू उभं केलंस, तेव्हा सुनावणीच्या अध्यक्षांनीही चष्मा काढून ठेवला.

कोणीतरी ओरडलं, मायलेकींचं भांडण घरी मिटवा. सगळे हसले. तू म्हणालीस, घरी मिटत नाही काका, तिथे ऐन रंगात आलं की बाबा पानं वाढतात. बाबांना हे सांगितलं तर दिवसभर मिशीत हसत होते.

तरी माझा ऊर भरून आला तो याही वेळी नाही. मागून तुझ्याच लोकांनी ‘विकाऊ पेपर’ अशा घोषणा सुरू केल्या, तेव्हा. तुला गप्प बसता आलं असतं. टाळ्या तुझ्याच होत्या. तू माइक परत मागून घेतलास. म्हणालीस, त्यांचं मत चुकलंय, नियत नाही. मुद्द्यावर बोला, नाहीतर खाली बसा. त्या क्षणी तुझ्यावर चिडलेले तुझेच सोबती मी पाहिले, आणि तू जागची हललीही नाहीस. इतकी वर्षं टेबलाशी बसून मी नव्या पोरांना हेच शिकवायला बघतेय. कितीजणांना जमलं, विचारू नकोस.

वॉर्ड तूर्त चालू राहणार, हा निकाल तुला कळलाच आहे. दुसऱ्या दिवशी पेपरच्या मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, मुलीला जरा आवरा. मी म्हटलं, तिचा मुद्दा खोडता येतो का बघते, तिला आवरणं माझ्या कामात बसत नाही. त्यांनी चहा मागवला.

दोन रविवार झाले, तू घरी फिरकली नाहीस. बाबा म्हणतात, आई दुखावली असेल असं तुला वाटतंय. वेडे, म्हणूनच हे लिहायला बसले. मी दुखावलेली नाही, आणि मला पटलेलंही नाही. भूलतज्ज्ञ येईपर्यंत अवघड बाळंतपणं तिथे होऊ नयेत, याला तू उत्तर दिलंच नाहीस. रविवारच्या अंकात मी पुन्हा लिहितेय. लेख सोबत ठेवलाय. त्याच पानावर, माझ्या लेखाशेजारी, तेवढीच जागा तुझ्या नावाने राखली आहे. शुक्रवारी दुपारपर्यंत मजकूर हवा. मेलवर पाठवायचा नाही, स्वतः घेऊन यायचा. जेवायलाच ये.

तुझीच,
अजून न हरलेली
आई