पळसाच्या पानातली वांगी

त्या दिवशी तुम्ही मला एक शिवी तरी घालायला पाहिजे होती. एरवी भाकरी जरा जाड झाली तर अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं बोलायचात, आन् बोलायचं तेव्हा नुसतं "बरं बाई" म्हणालात. त्या "बरं बाई"चं मी काय करू, आत्याबाई? सासू मरून इतकी वर्षं झाल्यावर सून तिला पत्र लिहीत बसलीय, हे कुणी बघितलं तर हसेल. हसू दे.

मी सध्या कारेगावात आहे, थोरल्या लेकाकडं. शिरूरच्या डॉक्टरनं माझं तेल बंद केलंय, तुमचं केलं होतं तसंच. म्हणून सुनेनं ओव्हनमध्ये भरली वांगी करायला घेतली. कंपनीला सुट्टी असली की मोबाईलमध्ये बघून ती असलं काहीबाही करते. पहिल्या खेपेला वांगी निघाली ती वरून चामडं आन् आत कच्चा मसाला. "हे ताटात वाढू का पायात घालू?" मी विचारलं. तीही काही कमी नाही. "आई, तेल बंद झालं तरी तुमचं तोंड बरं चालतंय," म्हणाली.

मग मीच उठले. शेंगदाणे, तीळ, खोबरं, कांदा, लसूण, सगळं कोरड्या तव्यावर भाजून वाटलं, काळा मसाला घातला आन् तेलाच्या जागी ताकात कालवलं. भरलेली वांगी केळीच्या पानात गुंडाळली, दोऱ्यानं बांधली, आत सारली. पाऊण तासानं पान सोडलं तर वांगं बोटानं दबत होतं, देठापर्यंत शिजलेलं.

तुमचं पान पळसाचं होतं, एवढाच फरक.

राहू गावातलं आपलं नवं घर. गॅस येऊन महिना झाला नाही. संक्रांतीचं हळदीकुंकू आहे, गावातल्या बड्या घरच्या बायका पहिल्यांदाच आपल्या दारात यायच्या आहेत. आन् तुम्ही भर अंगणात गोवऱ्या पेटवून बसलाय, निखाऱ्यात पळसाच्या पानातली वांगी पुरून. पाय सुजलेले, मी वाढलेला उकडलेला दुधी खाऊन तोंड विटलेलं. "मेंढरामागं हिंडायचो तवा असंच करायचो गं," तुम्ही सांगता. "तेलाचा थेंब लागत न्हाई." मी म्हणते, "ते दिवस गेले आता. त्या बायकांना दारातच दाखवायचं का, आपन कोन हाय ते?" आन् हंडाभर पाणी त्या निखाऱ्यावर ओतते. तुम्ही राखेच्या चिखलातनं एक वांगं उचललं, पदरानं पुसलं, पान सोडलं, कच्चंच होतं, परत ठेवलं. "बरं बाई." बायका आल्या, तिळगूळ घेऊन गेल्या, तोवर तुम्ही आतल्या खोलीत बसून राहिलात. पुन्हा वांगं मागितलं नाहीत. होळीच्या आत गेलात.

गेल्या रविवारी सुनेनं चार वांगी खाल्ली आन् विचारलं, "आई, हे कुठं शिकलात?" तुमचे चिरंजीव शेजारीच जेवत होते. "आमची आई—" एवढंच बोलले. मी डोळे वटारले. "शिकायचं काय त्यात? डोकं हाय मला," मीच सुनेला म्हणाले. सून कंपनीत सगळ्यांना सांगून आली, आमच्या सासूबाईंची पद्धत म्हणून. मला ते ऐकून बरं वाटलं, आत्याबाई. लाज नंतर वाटली, आधी बरंच वाटलं.

हे पत्र कुठं टाकणार? पिठाच्या डब्याखाली जाईल. उद्या तिच्या कंपनीतल्या चौघीजणी शिकायला येणार आहेत. तुमच्या लेकाला आत्ताच बजावून ठेवलंय: त्या विचारतील, कुणी शिकवलं म्हणून, तवा तुम्ही मुकाट जेवायचं. उत्तर मी देणार.