सुटलेला चौकोन

ता. ३ जून

चि. सौ. बाळीस,
आईचे पोटभर आशीर्वाद.

ठकीचा फोटो मिळाला. अगं, गालाला ही खळी कधी पडली? शेजारणीला दाखवला, पोस्टमनला दाखवला, आता भिंतींनाच दाखवायचा राहिलाय. तीन वर्षांची झाली तरी चालत नाही, बोलत नाही म्हणून तू रडतेस, पण हसते किती गोड! आणि कान तर थेट

(इथे तीन शब्द खोडले आहेत.)

डॉक्टरीणबाईंनी मागितलेला घराण्याचा कागद भरलाय. बाईला गोल नि पुरुषाला चौकोन, काय खेळ आहे हा! माझा गोल बशी ठेवून काढला, जरा मोठाच आला. आपल्यात ठकीसारखं कुणीच नव्हतं. मला तू एकटीच. चौथा महिना आहे, बादल्या उचलू नकोस. मला अजून साठ शर्टांना बटणं लावायचीत. फोनवर मला धड ऐकू येत नाही, लिहीतच जा.

तुझी,
आई

ता. ८ जून

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तुझा बशीएवढा गोल बघून डॉक्टरीणबाई हसल्या. मग म्हणाल्या, ठकीच्या एका गुणसूत्राचा टोकाचा तुकडाच नाही, आणि मेंदू घडताना तो लागतो. बहुतेकदा हे आपोआप होतं. घराण्यात कुणीच नसेल तर पोटातल्या बाळाला धोका फार कमी. मग सुईने पोटातलं पाणी काढून तपासायला नको, कारण त्या सुईनेही क्वचित मूल जातं. पण कुणी असेल, तर तपासायलाच हवं. सगळं तुझ्या उत्तरावर आहे.

आई, तू खोडलेलं मी खिडकीच्या काचेवर धरून वाचलं. 'तुझ्या दादाचे आहेत.' मला कुठला दादा? अठरा तारखेला डॉक्टरीणबाईंना सांगायचंय, त्याआधी खरं कळव.

तुझी,
बाळी

ता. १२ जून

चि. सौ. बाळीस आशीर्वाद.

शर्टांचा गठ्ठा तसाच पडलाय. सुईत दोराच जात नाही.

तो तुझ्याआधी पाच वर्षं झाला. मान उशिरा धरली, बसला कधी नाहीच, शब्द एक नाही. पण बटणांचा डबा खुळखुळवला की असा हसायचा, की शेजारचे डोकावायचे. चार वर्षांचा होऊन गेला, छाती भरून. मग तू पोटात. तुझी आजी म्हणाली, येणाऱ्यावर सावली नको, त्याचा विषय काढायचा नाही. तुझ्या लग्नाच्या वेळी मी सांगणार होते, तर तुझे बाबा म्हणाले, आता कशाला. ते गेले, तरी मी आपली आता कशाला, आता कशाला करत राहिले.

ठकीला मांडीवर घेतलं तेव्हाच कान ओळखले गं. म्हणाले काय, तर गोड आहे हो पोर. ते काही खोटं नव्हतं.

रागाव, पण तपासून घे. माझंही रक्त घ्या म्हणावं, बाटलीभर घ्या.

आई

ता. २४ जुलै

ती. आईस,
सा. न. वि. वि.

फार रागावले होते. तुझं रक्त मागवलं तेव्हाही एक ओळ लिहिली नाही.

तुझ्यात आणि माझ्यात तोच तुकडा तुटून दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलाय. हरवलेलं काही नाही, म्हणून आपण धडधाकट. ठकीला तो मिळालाच नाही, आणि दादालाही नसणार. सुई झाली. अठरा दिवस पोटावर हात ठेवून बसले होते. काल निकाल आला. बाळाला काही कमी नाही.

संध्याकाळी डब्यात बटणं घालून खुळखुळवली. ठकी खदखदून हसली. तीन वर्षं, आई! तीन वर्षं तुला हे ठाऊक होतं.

नवा कागद सोबत आहे. डॉक्टरीणबाईंनी त्यात दादाचा चौकोन काढलाय. गेलेल्यावर तिरकी रेघ मारतात, तशी मारली आहे.

बाळी

ता. २९ जुलै

चि. सौ. बाळीस आणि माझ्या हसऱ्या ठकीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं नि शेजारणीला मिठीच मारली. ती बिचारी दूध घेऊन उभी होती, सगळं सांडलं. मग तिलाही दादाचं सांगितलं. पहिल्यांदाच सांगितलं कुणाला. रविवारी येते. डबा आणते, तोच, त्याचा. झाकण चेपलंय, ते त्यानेच चेपलं.

कागद बघितला. तुझ्याशेजारी किती ऐटीत बसलाय! फक्त डॉक्टरीणबाईंना एक सांग. रेघ मारायचीच तर बारीक मारा. मी एकदा खोडलाच होता, आता खालचा नीट दिसू दे.

राग उरला असेल तर माझ्यासाठी ठेव, माया ठकीला दे.

तुम्हा दोघा भावंडांची,
आई