सात आसरांची जागा

अण्णा,

परवा शेतावरून आलं ते असं: दोन पायली हरभरा, एक खण, एक नारळ. सगळं घरचंच, पैसा पडला नाही. जाफराबादच्या जीपवाल्यानं तेवढे पिशवीचे वीस रुपये जास्तीचे घेतले, ते वहीत मांडले. आणखीही एक गोष्ट सोबत आली. ती वहीत कुठं मांडावी कळेना, म्हणून तुम्हाला लिहिते.

तुमच्या धाकट्यानं पाण्याच्या देवींना, आपल्या आसरांना, नवं ठाणं बांधलं. रस्त्याच्या कडेला, पांढऱ्या फरशीचं, वर पत्रा. लिंबाखालचे ते सात शेंदरी दगड भटजी बोलावून, विधी करून तिकडं नेले. ओटी भरायला लेक म्हणून मला बोलावलं होतं. ओटी भरली, आरती झाली, आणि मागं वळून पाहते तर लिंबच नाही. जेसीबीनं सगळा कोपरा सपाट केलेला, हातानं लिंपल्यासारखा. त्यावर त्याची पाच वर्षांची नात एकटीच लंगडी घालतेय.

"इथं सोयाबीन ठेवायला शेड टाकून राह्यलो, आक्का," तो म्हणाला. "जागा अशी, की कितीबी पाऊस पडू दे, पाणी थांबतच न्हाई. जातं कुठं कुणाला ठाऊक."

काळ्या रानात पाणी थांबत नाही म्हणजे काय, ते तुम्ही गेल्यापासून मला एकटीलाच ठाऊक होतं.

मी दहा वर्षांची असेन. सागरगोटे खेळायला एक कमी पडत होता म्हणून त्या सातातला सगळ्यात लहान दगड उचलला. तुम्ही चारचौघांत माझ्या पाठीत धपाटा घातलात. "आसरा वढून नेतील," म्हणालात. संध्याकाळी मला ताप भरला. चुलीपाशी आईच्या मांडीवर पडून मी एकच विचारत होते, आता नेतील का. सकाळी तुम्ही मला उचलून बांधावर नेलंत. दगड माझ्या मुठीतच. "रडू नको. देव न्हाईत ते, मीच मांडलेत. खाली तुझ्या आज्याची आटलेली विहीर हाय. बुजवायला लई गाड्या माती लागती, म्हणून वरून लाकडं आन् माती घालून झाकली." मग विहीर आहे असंच सांगा की लोकांना, मी म्हटलं. तुम्ही हसलात. "विहीर म्हणलं की माणूस वाकून बघतंय, देव म्हणलं की लांबून हात जोडतंय. कुणाला बोलू नको. भ्या गेलं की पाय पडला म्हणून समज."

नाही बोलले. उलट पोराला कावीळ झाली तेव्हा त्याच दगडांना नवस बोलले. माहीत असून. पोरगा उठून बसला, तसा पुरणाचा निवैद्य करून नवस फेडला, आणि आसरा पावल्या असं गावभर सांगितलंही मीच.

परवा भावाला बाजूला घेऊन खरं सांगितलं. तो आधी हसला. "तूच नवस फेडला, आन् आता तूच म्हणती देव न्हाई?" मग पहार आणून तीन ठिकाणी मारली. तिन्ही ठिकाणी घट्ट. "बघ. कुठंय विहीर? दगड नेमके कुठं व्हते, हेबी आता सांगता यायचं न्हाई. आन् देव तर रीतसर हलवलेत, मंग आता कशाचं भ्या?" भावजयीनं साखरपाणी आणून दिलं. म्हणाली, "वन्सं, ऊन लागलं जणू."

आज सकाळी फोन केला. म्हटलं, आसरा स्वप्नात आल्या होत्या. सातजणी, हिरव्या लुगड्यातल्या, केस मोकळे. म्हणाल्या, आमच्या जागेत खांब रोवायचा नाही आणि लेकरू फिरकू द्यायचं नाही. खऱ्याला पहार मारणारा तो, स्वप्नाला मात्र लगेच वाकला. मग हळूच म्हणाला, "बराबर हाय. पोरीला बिलकुल जाऊ देत न्हाई. पर किती जागा सोडू, आक्का? परवा मिस्त्री खड्डे घ्यायला येऊन राह्यला. बायांनी माप सांगितलं असंल की." विचारून सांगते, म्हटलं.

स्वप्नात कुणी आलं नाही, अण्णा. अंथरुणावर नुसती जागीच होते. देवाच्या नावानं खोटं बोलून मग देवापुढं दिवा कसा लावायचा, हेही तुम्हाला विचारायचं होतं. पण ते राहू द्या. सगळा कोपरा सोड, असं सांगेनही, पण लिंब गेल्यावर कोपरा कुठून धरायचा? त्या सकाळी तुम्ही बोट करून जागा दाखवत होतात, तेव्हा मी तिकडं पाहिलंच नाही. मुठीतला दगड परत द्यावा लागेल, म्हणून त्याच्याकडेच बघत बसले होते. बांधापासून किती पावलं, आणि विहिरीचं तोंड किती हात रुंद, एवढंच उलट टपाली कळवा. मिस्त्री परवा येतोय.