अंतऱ्यातलं नाव

बुवा, तुम्ही आज समोर असता तर तंबोरा बाजूला ठेवून मी आधी तुमच्याशी भांडलो असतो. परवा तळेगावच्या बैठकीत मी ती चीज गायलो, लोणावळ्याला तुमच्या माडीवर शिकत असताना मी बांधलेली. रिवाजाप्रमाणे अंतऱ्याच्या शेवटी बांधणाऱ्याचं, म्हणजे माझं, नाव घेतलं. गाणं संपलं तसे एक जाणते वकील भर बैठकीत म्हणाले, "चीज शंभर वर्षांची. तीत स्वतःचं नाव घुसडताना लाज कशी वाटली नाही?" आता यावर काय बोलायचं, कपाळ! माझीच आहे म्हणालो, तर लोक हसायला लागले.

हे सगळं तुमचं कर्तृत्व. रामनवमीच्या उत्सवात ती पहिल्यांदा तुम्हीच गायलात, मी मागे तंबोऱ्यावर. आमचे आबा गुरं शेजाऱ्यावर सोपवून बेडशाहून चालत आले होते, का तर पोराचं नाव गाण्यात येणार. आणि तुम्ही खुशाल सांगून मोकळे झालात की ही आमच्या गुरूंच्या गुरूंची! अंतऱ्यात माझ्या जागी त्यांचं नाव घेतलंत. लोकांनी माना डोलावल्या. परतताना आबा एवढंच म्हणाले, "तुजं नाव कुटं आलं? मी तर लय कान देऊन बसलतो." मी परोपरीनं सांगितलं, पण त्यांना ते कधी पटलं नाही. पोरगा थापा मारतो, असंच मनात धरून ते गेले. त्याचा राग मला अजून आहे, बुवा.

जाब विचारला तेव्हा तुम्ही निवांत पान जुळवत होतात. म्हणालात, "नव्या पोराची म्हटलं असतं तर अर्धी बैठक चहाला उठली असती. आधी चीज जगू दे, मग नावाचं बघू." मग कधी बघणार होतात? पुढच्याच थंडीत तुम्ही गेलात. चीज मात्र ठणठणीत आहे. नाटकवाले गातात, शाळेतल्या मुली गातात, आणि सगळे त्याच नावानं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून सांगून टाकतो. माझं नाव समेवर आणताना जरा ओढाताण होते. त्यांचं अलगद येतं. अंघोळ करताना गुणगुणतो, तेव्हा माझ्याही तोंडी तेच येतं.