बल्बाखालचा घट

सक्करदरा, नागपूर
३ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. हिमानीस अ. उ. आशीर्वाद. थोरली जाऊ म्हणून द्यावे लागतात, म्हणून दिले.

मोबाइलवर मी तुला एवढं मोठं लिहिलं आणि तू त्याच्याखाली एक अंगठा लावून मोकळी झालीस. कागदावर अंगठा लावता येत नाही, म्हणून कागद घेतला. दुर्गेशभाऊजी ऑफिसला जाता-येता इथे थांबतात, त्यांच्या हाती देते आहे. ते म्हणत होते की वहिनी, मले मधात घेऊ नका. मी सांगितलं, बायको तुमची आहे, तुम्ही मधात आहातच.

लग्न होऊन आल्यापासून या घराचा नवरात्राचा घट मीच बसवत आले. यंदा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी वाकायचं नाही, धूप-धुराजवळ बसायचं नाही असं बजावलं, म्हणून पहिल्यांदाच घट तुझ्या फ्लॅटवर पाठवला. शेतातली काळी माती पाठवली, परडी पाठवली, पेरायला गहू निवडून पाठवले. घटावर बल्ब लावायचा नसतो, हे तेवढं सांगायचं राहिलं. ते सांगावं लागेल असं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

अष्टमीला आले तर काय बघते, देवीपुढे होल्डर लटकतो आहे, त्यात भगभगीत पांढरा बल्ब, आणि खाली घट बोटभर उंचीचा, हिरवा, मैदानातल्या गवतासारखा! आमच्याकडे घट वीतभर वर येतो, पिवळाधमक. तो जेवढा उंच, तेवढं वर्ष चांगलं. तुझ्या त्या मेथी-पुदिन्याला तू स्वयंपाकघरात बल्ब लाव, हॉलमध्ये लाव, पाहुण्यांना बसायला जागा ठेवू नकोस, मी कधी बोलले का? पण देवीचा घट म्हणजे तुझी मेथी नव्हे.

घट खुंटला असं मी सगळ्यांसमोर म्हटलं याचा तुला राग आला म्हणे. खुंटलेल्याला खुंटलेलाच म्हणतात. माझ्या भूमिकाला सातवा लागला आहे. आधी दोन वेळा काय झालं ते तुला सांगायला नको, दोन्ही वेळा तूच तिच्याजवळ होतीस. या वर्षी तरी घट उंच यायला हवा होता. मी देवीजवळ दुसरं काहीच मागितलं नव्हतं.

लोभ आहे तेवढा आहे, वाढवण्याची घाई नाही.

रुख्मिणी


वर्धा रोड, नागपूर
५ ऑक्टोबर २०२५

ती. सौ. रुख्मिणीताईंस सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा तरी काही बरं सापडेल म्हणून. सापडलं नाही.

आमच्या खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत आहे, ऊन म्हणून येत नाही. लॉकडाऊनमध्ये मी साधे घरातले बल्ब लावून मेथी, कोथिंबीर, मिरची वाढवायला शिकले. तुम्हाला ते खूळ वाटतं. पण त्या खुळातून मला एक गोष्ट कळली. रोप पिवळं पडून लांबत गेलं तर ते सुखात नसतं, ते उजेड शोधत असतं. बल्ब लांब टांगला की रोपं अशीच ताडमाड होतात आणि मग माना टाकतात. बल्ब हातभरावर आणला की बुटकी, जाड आणि हिरवी राहतात. तुम्ही घट टोपलीखाली झाकून कोपऱ्यात ठेवता. त्याची ती उंची म्हणजे धडपड असते. ताई, तुमचा घट दरवर्षी उपाशी वाढला आणि आपण सगळे त्याच्या पाया पडलो.

मीही भूमिकासाठीच बल्ब लावला होता. माझ्या घरात घट पहिल्यांदा आला, तो धष्टपुष्ट व्हावा असं वाटलं. सकाळी लावायची, निजताना बंद करायची, कारण झाडालाही झोप लागते. एवढं मी स्वतःसाठी कधी केलं नाही.

आता दोन गोष्टी, ज्या तुम्ही पत्रात लिहिल्या नाहीत. दसऱ्याला दुर्गेश तुमच्याकडे सोनं द्यायला आले आणि परतले ते कानावर पिवळे, वीतभर तुरे खोवून. विचारलं तर म्हणाले, वहिनीनं देल्ले. म्हणजे माझ्याकडे घट पाठवून तुम्ही सक्करदऱ्यात गुपचूप दुसरा बसवला होता! एका कुळाचे दोन घट बसत नाहीत हे मला शिकवलं कोणी?

दुसरी गोष्ट यमुताईंची. तुमच्या त्या चुलत नणंद माझ्याच घरात, माझ्याच हातचा फराळ खात म्हणाल्या की ज्या घरात पाळणा हलला नाही तिथं घट कसा वाढेल. तुम्ही शेजारी बसला होतात. तुम्ही शाळेत शिकवायला जायचात तेव्हा भूमिका दिवसभर कोणाच्या मांडीवर असायची, हे त्या खोलीत फक्त तुम्हाला माहीत होतं. तुम्ही केळं सोलत राहिलात.

आपला लोभ असू द्यावा असं लिहायची पद्धत आहे. ती पाळली असं समजा.

हिमानी


सक्करदरा
८ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. हिमानीस आशीर्वाद. अनेक आणि उत्तम, हे दोन शब्द या खेपेला शिल्लक नाहीत.

हो, बसवला दुसरा घट. वाकता येत नाही म्हणून स्टुलावर बसवला आणि वरून टोपली झाकली. तुझ्या घरात बल्ब आहेत हे मला ठाऊक होतं, तुझा हात आवरायचा नाही हेही ठाऊक होतं. माझा अंदाज चुकला का?

उपाशी घट म्हणालीस. माझ्या सासूबाईंनी असाच वाढवला, त्यांच्या सासूबाईंनी असाच वाढवला. तुझ्या पुदिन्याने आता त्या सगळ्यांना खोटं ठरवायचं का?

यमुताई काय बोलल्या ते मला नीट ऐकू आलं नाही. ऑपरेशन डोळ्याचं झालं होतं, कानाचं नव्हे, असं तू म्हणशील. म्हण.

रविवारी भूमिकाचं डोहाळजेवण आहे. तू येऊ नकोस. हे तिच्या सासरच्यांनी सुचवलं, ह्यांनी सुचवलं, असं मी म्हणणार नाही, मीच म्हणते आहे. बाळंतपण सुखरूप होईपर्यंत तुझ्या हातचं काही तिच्या ओटीत पडू नये असं मला वाटतं. ते चूक असेल. पण दोनदा हातातोंडाशी आलेलं गेलं आहे, आता मला बरोबर वागायची हौस राहिली नाही.

ह्यांना तुझ्याकडचा लिंबाचा मुरंबा हवा होता. मी नको म्हणून सांगितलं.

रुख्मिणी


वर्धा रोड
२६ ऑक्टोबर २०२५

ती. सौ. ताईंस नमस्कार.

दिवाळीला आले नाही. तुमच्या घरून रामाजीभाऊजींचा फोन आला होता, तुमचा आला नाही. डोहाळजेवणाचे फोटो मात्र पाहिले. भूमिकाला धनुष्यबाण घेऊन झोपाळ्यावर बसवलंत, छान दिसते. पाय सुजलेले दिसतात. मी फोन केला तर ती दोन शब्द बोलून ठेवते. काकूशी बोलायचं नाही अशी तुम्ही तिला शपथ घातली असणार. ताई, लहानपणी ताप आला की ती तुमच्या नव्हे, माझ्या पदराला धरून झोपायची. ते मी तुमच्याकडून काढून घेतलं नव्हतं, तुम्हीच दिलं होतं. आता परत घ्यायचं तर तसं सांगून घ्या.

दुर्गेशच्या गाडीच्या डिकीतून दोन कुंड्या पाठवते आहे. तुमच्याच शेतातली माती, तुमचेच उरलेले गहू. एक बल्बाखाली वाढवली, एक टोपलीखाली. टोपलीतली उंच झाली, पिवळीधमक, आणि काल सकाळी सगळी आडवी झाली. हिरवी उभी आहे. नीट बघा. एक डोळा तर आता नवा आहे.

पायाच्या सुजेचं तेवढं दुर्गेशजवळ सांगून पाठवा.

हिमानी


सक्करदरा
२८ ऑक्टोबर २०२५

हिमानीस,

कुंड्या मिळाल्या. दोन्हींतलं उपटून गाईला घातलं. तिने हिरवं आधी खाल्लं, पण ती गाय आहे.

सूज आहे. डॉक्टरांनी मीठ बंद केलं आहे.

रुख्मिणी


धंतोली, दवाखान्यातून
७ नोव्हेंबर २०२५

ती. आई आणि ती. काकू,

दोघींना एकच नमस्कार आणि एकच पत्र. आई आधी वाचेल, मग दुर्गेशकाका ते काकूकडे नेतील. तुमची सगळी पत्रं काकांनी मला आणून दाखवली. मी झोपून झोपून कंटाळले होते, वाचून झाल्यावर तुम्हा दोघींना कंटाळले.

मुलगी झाली हे तुम्हाला कळलंच आहे. दिवस भरायच्या आत आली. दोन्ही हातांच्या ओंजळीत मावेल एवढी आहे. कालपासून ती पिवळी पडली, कावीळ आहे. डॉक्टर म्हणतात, अशा बाळांना होते, घाबरू नका. तिला काचेच्या पेटीत ठेवलं आहे, डोळ्यांवर पट्टी बांधली आहे आणि वरून निळे दिवे लावले आहेत. मला टाके आहेत, उठून तिथवर जाता येत नाही. पियूष बाप असला तरी सर्दी झाली म्हणून त्याला आत सोडत नाहीत. बाळाच्या खोलीत बसायला घरच्या एकाच माणसाला पास मिळतो. कोणाचं नाव लिहू असं विचारलं तेव्हा मी रडले, कारण माझ्या डोक्यात दोन नावं होती आणि त्या दोघी एका खोलीत बसत नाहीत.

आई, काकूशी बोलू नकोस ही तुझी शपथ मी आज मोडली. सगळं माझ्यासाठी चाललं आहे असं म्हणतेस, पण गेला महिनाभर मला काकू हवी होती आणि तू ती मला दिली नाहीस. काकू, तुझं गव्हाचं म्हणणं बरोबर असेल. पण आईला भीती वाटत होती आणि तू तिला कुंड्या पाठवल्यास. मला तुम्हा दोघींचा सारखाच राग आला आहे.

पास सध्या आईच्या नावाचा घेतला, कारण ती जवळ राहते. पुढचं तुम्ही ठरवा. मला सांगायला येऊ नका.

भूमिका


धंतोली
९ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. हिमानीस अनेक आशीर्वाद.

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहिते आहे, अक्षर समजून घे. दुर्गेशभाऊजी समोर उभे आहेत, लिहून होताच घेऊन निघतील.

घटाबद्दल मी एक शब्दही मागे घेत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

काल मी आत बसले होते. पोरीच्या अंगावर लंगोटाशिवाय काही नाही, डोळे बांधलेले, आणि वर तो निळा उजेड. अंग हळदीसारखं पिवळं. पिवळं बघून मला आयुष्यात पहिल्यांदा भीती वाटली. ती हातपाय झाडत होती, निजत नव्हती. मला वाटलं, तिला तो उजेड सोसवत नाही, चटके बसत असतील. नर्स पलीकडच्या बाळाकडे वळली आणि मी माझी शाल काढून पेटीवर टाकली. काचेआड अंधार झाला आणि पोर शांत झाली. मला फार बरं वाटलं, हिमानी. मी तिथे खुर्चीवर देवीचं नाव घेत बसले.

नर्सने येऊन शाल ओढून काढली. आजी, झाकून काहून राहिल्या, हाच तर दवा हाय तिचा, असं म्हणाली. ओरडली नाही, त्यामुळे जास्त लागलं. डॉक्टरांनी पुन्हा रक्त तपासलं, थोडक्यात निभावलं म्हणतात. मी किती वेळ झाकून ठेवलं होतं ते मला सांगता आलं नाही.

भूमिकाला हे ठाऊक नाही. ह्यांनाही नाही. तुला सांगते आहे, कारण बाकी सगळे मला ‘जाऊ दे’ म्हणतील आणि तू म्हणणार नाहीस. मला आत्ता ‘जाऊ दे’ ऐकायचं नाही.

माझ्या हाताला झाकायचीच सवय आहे. उद्या पोर पुन्हा रडली तर मी पुन्हा काहीतरी टाकीन, माझा मलाच भरवसा नाही. तुला उजेडाजवळ बसता येतं. कधी लावायचा, कधी मालवायचा, हे तू नर्सला नीट विचारशील आणि ती सांगेल तसं करशील.

आज यमुताई येऊन गेल्या. आत कोण बसणार म्हणून विचारत होत्या. मी तुझं नाव घेतलं. त्यांनी तोंड उघडायच्या आधीच मी म्हणाले की या घरातली पहिली लेक हिमानीच्या मांडीवर वाढली, दुसरीही तिथेच वाढेल, आणि ज्याला हे पटत नसेल त्याने दवाखान्यात यायचे कष्ट घेऊ नयेत. त्या चहा न घेता गेल्या.

पास माझ्या नावाचा होता, तो खिडकीवर परत करून तुझ्या नावाचा करून घेतला. पत्रासोबत आहे. स्वेटर घेऊन ये, आत गार असतं. हात कोपरापर्यंत धुवायला लावतात, तेव्हा बांगड्या घरीच काढून ठेव.

मी बाहेरच्या बाकावर आहे. आत जाताना माझ्याशी बोललंच पाहिजे असं नाही.

रुख्मिणी