संकेश्वरी मिरचीचे बी कोणाला द्यावे याबद्दल

मी, कस्तुराबाई नागनाथ हुक्केरीकर, वय ७१, राहणार मल्लेश्वरम, बंगळूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने करते. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचा दाखला डॉ. रत्नाकर यांनी दिला आहे. जीभही ठिकाणावर आहे, तो दाखला घरातले देतील. मला मरायची घाई नाही. घाई बियांची आहे.

१. माझ्या नावावरचे राहते घर चिरंजीव विद्याधर यास. परसातला मिरच्यांचा वाफा बुजवून तिथे स्कूटरसाठी शेड बांधू नये. त्याच्या मनात ते आहे, मला कळते.

२. दगडी खलबत्ता सूनबाई हेमलता हिला. पुण्याहून आली तेव्हा माझ्या फोडणीच्या ठसक्याने तोंडाला पदर लावून अंगणात पळायची. आता पहिल्या घासालाच म्हणते, आज तिखट कमी पडले. अशी सून मिळाली, मी सुखी आहे.

३. संकेश्वरी मिरचीचे बी. बंगळूरला बिऱ्हाड केले तेव्हा ते मी माहेरून आणले. दरसाल वैशाखात पेरले, रोपे वीतभर झाली की लावली, आणि सर्वांत लाल मिरच्या बियांसाठी राखल्या. गुडघा मोडल्यापासून दोन वर्षे खाली बसता आले नाही. डब्यातल्या बियांना आता तिसरे वर्ष. यंदा पेरले नाही तर पुढे उगवणार नाही, सदतीस वर्षांची मिरची संपेल. विद्याधर पेरील, पण पाणी घालायचे विसरेल.

म्हणून ते शेजारच्या पद्मावतीबाईंना द्यावे. आम्ही अकरा वर्षे बोललेलो नाही. मिरची कोणाच्या हातात देऊ नये, खाली ठेवावी, नाहीतर भांडण होते म्हणतात. मी एकदा घाईत त्यांच्या हातात दिली आणि भांडण व्हायचे ते झालेच. त्यांनी भिंतीलगत बज्जीच्या मिळमिळीत मिरच्या लावल्या होत्या. मधमाश्यांनी तिकडचे पराग इकडे आणले, आणि पुढच्या साली माझ्या मिरचीला तिखटपणाच राहिला नाही. जुने बी शिल्लक होते म्हणून निभावले. पण मी भिंतीवरून नाही नाही ते बोलले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आपली मिरच्यांनी लगडलेली झाडे एकूण एक उपटली, पुन्हा कधी लावली नाहीत. मी खिडकीतून पाहिले आणि साधी हाकही मारली नाही. याची मला लाज वाटते.

४. हे कलम वरील मजकूर लिहून झाल्यावर घातले आहे. साक्षीला कोणीतरी हवे म्हणून मी मन घट्ट करून पद्मावतीबाईंनाच निरोप धाडला. त्या आल्या. वकिलांनी सगळे वाचून दाखवले आणि म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. हे मला ठाऊक नव्हते. बाईंनी उचललेले पेन खाली ठेवले.

"अक्का, सही कोण पण करतील," त्या म्हणाल्या. "तुम्ही जायची वाट बघत बसलं तर बी मरतंय. आत्ताच द्या, सरी? चालतंय न्हवं?"

मी डबा दिला. तेव्हा कलम ३ रद्द समजावे. बाईंना वाफा करता येत नाही, माती फार घट्ट दाबतात. उद्या सकाळी माझी खुर्ची त्यांच्या परसात नेऊन ठेवावी, म्हणजे मला जवळून ओरडता येईल.

सही: कस्तुराबाई नागनाथ हुक्केरीकर

साक्षीदार:
१. डॉ. रत्नाकर
२. गुंडो, टपालवाले (आयते दारात आले म्हणून)

बंगळूर, १८ मे १९६२